पंपासमोरचा दगडी हौद

मी एक जुना हौद आहे. काळ्या दगडाचा, एका तुकड्यात कोरलेला, सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद. जनावरांना पाणी पाजण्यासाठी मला घडवलं. मित्रांनो, आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची फसगत होणार नाही. मी फार हेवेखोर आहे. दगडाला कसला आला हेवा, असं तुम्ही म्हणाल. पण दिवसभर एका जागी बसून समोरच्याचं बरं चाललेलं पाहावं लागलं, की दगडाच्याही पोटात जळजळ होते.

माझा जन्म पाथरवटाच्या पालावर झाला. पाच महिने छिन्नी चालली. बाहेरून मला ओबडधोबड ठेवलं तरी चालणार होतं, पण पाथरवटाची बायको मैनाबाई आतल्या अंगाला हटून बसली. ती आत हात फिरवायची आणि नवऱ्याला म्हणायची, "इथं अजून खरखर लागते. जनावराची जीभ लागन इथं, बाप्पा. गुळगुळीत कर."

तो कंटाळून म्हणायचा, "बैल काय कोर्टात जाऊन राहिला तक्रार कराले?"

"म्हणूनच म्हंते," ती म्हणायची. "त्याले बोलता येत नाई."

मग तीच आत बसून घासायची. माझं आतलं अंग आरशासारखं झालं ते तिच्यामुळे.

मला घडवून घेणारे होते कमलाकांत वकील. त्यांचं घर अकोल्याच्या जठारपेठेत आणि मळा शहराबाहेर, दर्यापूरच्या रस्त्याला. आज तिथे रात्रंदिवस गाड्या धावतात, पण तेव्हा मळ्याच्या पुढे नुसती काळी जमीन आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, होती. दर्यापूरकडचा सगळा मुलूख खारपाणपट्ट्याचा. तिथल्या विहिरींचं पाणी खारट, तोंडात घेतलं की थुंकावंसं वाटणारं. कापसाच्या गाड्या तिकडून यायच्या तेव्हा बैल दोन-दोन दिवस त्याच पाण्यावर आलेले असायचे. वकिलांच्या विहिरीला मात्र गोड पाणी लागलं होतं. एका उन्हाळ्यात मळ्याच्या कुंपणापाशी एक बैल पाण्याच्या वासाने थांबला आणि तिथेच बसला. तो पुन्हा उठला नाही. ते वकिलांनी पाहिलं आणि मला घडवायला सांगितलं. कुंपणाची भिंत फोडून विहिरीवरून एक पाट काढला आणि त्याच्या तोंडाशी, रस्त्याच्या बाजूला, मला बसवलं. वकिलांनी घरात सांगून ठेवलं, "इथलं पाणी कुणी विकायचं नाही, आणि तोंड लावलेल्या जनावराला कुणी हाकलायचं नाही."

मित्रांनो, ते माझे राज्याचे दिवस होते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकापासून ती माझ्यापर्यंत आणि माझ्यापासून पार वळणापर्यंत. बैलांना माझी जागा पाठ झाली होती. फर्लांगभर आधीच ते माना वर करायचे, पाय उचलायचे, आणि माझ्यापाशी आल्यावर गाडीवानाने कितीही शेपट्या पिरगाळल्या तरी पुढे जायचे नाहीत. "वकिलाच्या हौदावर बैल सोडू" हे सगळ्यांच्या तोंडी होतं. पुढे शहर वाढलं, टांगे आले. घोडे नाजूक असतात, ते आधी वास घेतात, मग ओठ बुडवतात. टांगेवाले माझ्या काठावर बसून विड्या ओढायचे आणि साऱ्या शहराच्या बातम्या मला कळायच्या.

त्याच बातम्यांतून माझं पहिलं दुखणं सुरू झालं. एक टांगेवाला एकदा म्हणाला, "टेसनावर इंजिनाले पानी पाजाचा एक लोखंडी खांब हाय. माणसापेक्षा तिप्पट उंच. इंजिन एका दमात पेते ते शंभर बैलांच्या वर!"

शंभर बैलांच्या वर! त्या रात्री मला माझं पाणीच उथळ वाटायला लागलं. मी तो खांब कधी पाहिला नाही, पुढेही पाहणार नव्हतो, तरी वर्षानुवर्षं त्याच्यावर जळत राहिलो. मग डिझेलची इंजिनं आली आणि तो खांब कोरडा पडला असं ऐकलं. मला वाईट वाटायला हवं होतं. पाणी पाजणारा माझाच एक भाऊबंद तो. पण मी खूश झालो. खोटं कशाला सांगू?

आणि मग माझ्या अगदी समोर, रस्त्याच्या पलीकडे, पेट्रोल पंप आला.

आधी वाटलं, एवढंसं यंत्र, हे काय करणार? पण मोटारी त्याच्याकडे वळायला लागल्या. फटफट्या वळल्या, ट्रक वळले, स्कूटर वळल्या. पुढे तर काळ्या-पिवळ्या ऑटोरिक्षांची रांग लागायची, तशीच, जशी माझ्यापुढे बैलगाड्यांची लागायची. त्याच्या अंगावर आकडे फिरायचे. त्याला रंग लावायचे. मला कधी कुणी रंग लावला? त्याच्या डोक्यावर पत्र्याचं छत आलं आणि मी मात्र शेचाळीस डिग्रीत उघडा. सगळ्यात जास्त टोचायचं ते हे, की तोही पाजायचंच काम करत होता. माझंच काम. फक्त त्याचे पिणारे वाढत होते आणि माझे कमी होत होते.

कमी तर भराभर झाले. पऱ्हाटीच्या शेतांचे ले-आउट पडले. ज्या बांधावर बैल चरायचे तिथे प्लॉटच्या सिमेंटच्या खुंट्या आल्या, मग घरं, मग दुकानं, मग शिकवणी वर्गांच्या पाट्या. जिनिंग बंद पडलं आणि त्याच्या आवारात मंगल कार्यालय झालं. कापूस ट्रॅक्टरमधून आणि मेटाडोरमधून जायला लागला. टांगे पंचवीस होते, त्यांचे नऊ झाले, मग दोन, आणि एका दसऱ्यानंतर एकही आला नाही. वकील वारले. त्यांच्या मुलाने मळ्यातच घर बांधलं आणि जठारपेठेतलं सामान तिकडे आणलं. त्या घरात सून म्हणून गोदावरीबाई आल्या. त्या शाळेत शिकवायच्या. शाळेत जाताना त्या माझ्यात डोकावून पाण्याची पातळी बघत, तेवढाच काय तो माझा मान उरला होता.

याच काळात खुशालराव आले. दर्यापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याचे धाकटे चिरंजीव. पूर्वी, जवानीत, वडिलांची कापसाची गाडी घेऊन ते कितीदा तरी माझ्यावर बैल सोडून गेले होते. मग भावाभावांत वाटण्या झाल्या. त्यांच्या वाट्याला जे आलं त्यात भागेना, म्हणून ते अकोल्यात पंक्चर काढायला शिकले. माझ्याजवळ एक कडुलिंब होता, पण त्याची सावली माझ्यापर्यंत पोचत नसे. त्यांनी गोदावरीबाईंना विचारलं, "बाई, हौदाजवळ लिंबाच्या सावलीत बसू काय? जागा नाई मागत. सावली मागून राहिलो."

"सावली माझी नाही, लिंबाची आहे," त्या म्हणाल्या. "बसा. पण हौद स्वच्छ ठेवायचा."

"त्याले तर मी माह्या बैलाइतकं जपीन."

ते बसले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी रबराची काळी ट्यूब हवा भरून माझ्या पाण्यात बुडवली! भोक कुठे आहे ते असंच शोधतात. पाण्यातून बुडबुडे आले की तिथे खूण करायची. बुड, बुड, बुड. मित्रांनो, ज्या पाण्यात शिंगांना गोंडे बांधलेल्या बैलांनी तोंडं घातली, त्यात आता हे? समोरचा पंप मला हसतोय असं मला वाटलं. पुढे ट्यूबसाठी खुशालरावांनी वेगळं घमेलं ठेवलं, कारण ट्यूबची घाण जनावराच्या तोंडी जाऊ नये असं त्यांना वाटलं. तेव्हा मला काय वाटावं? मला त्या घमेल्याचाही हेवा वाटला. निदान त्याला काम तरी होतं.

आता जे सांगतो ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेंदूरजनाघाटची संत्री घेऊन ट्रक यायचे. ते पंपावर वळायचे हे खरं, पण तिथून निघाले की ड्रायव्हर डबा घेऊन रस्ता ओलांडायचा. उन्हाने इंजिन तापलेलं असायचं, बॉनेटमधून वाफा निघायच्या.

"मामा, दोन डबे घेऊ काय?" ड्रायव्हर विचारायचा.

"चार घे ना. मले काहून विचारतो? हौदाले विचार," खुशालराव म्हणायचे.

आणि माझं पाणी रेडिएटरमध्ये जायचं. म्हणजे ट्रकही पाणी पीत होते, माझंच पीत होते. पण ते माझ्यात तोंड घालून पीत नव्हते ना! रांग पंपापुढे होती, डबा माझ्यात होता. माझी नजर रांगेवर. हेव्याचं हे असं असतं. आपल्या पदरात काय पडतंय ते दिसतच नाही.

पुढे विहीर आटली. आजूबाजूला तीस-चाळीस बोअर झाले, ती कुठवर टिकणार? तिच्यावर झाकण पडलं. नळाला पाणी पाचव्या दिवशी, कधी आठव्या दिवशी. बायका रात्रीपासून पिंपं लावून बसायच्या. त्या दिवसांत खुशालराव नळ आला की पहिला पाइप माझ्यात सोडायचे. गोदावरीबाईंचीच तशी ताकीद होती. एका उन्हाळ्यात माझ्या बुडाशी चीर गेली आणि पाणी झिरपायला लागलं. त्यांनी मला कोरडा केला, चीर घासली, सोल्युशन लावलं, ट्यूबचा एक तुकडा कापून चिकटवला आणि वर दगड ठेवून दिवसभर पाहत बसले. संध्याकाळी पाणी भरलं. एक थेंब झिरपला नाही.

"अख्ख्या अकोल्यात दगडाचं पंक्चर काढणारा मीच एकटा," ते गोदावरीबाईंना म्हणाले.

"मग बोर्डावर लिहा तसं," त्या म्हणाल्या.

"लिहीन. पण गिऱ्हाईक कुठून आनू? असा दुसरा हौद पाह्यजे ना!"

माझ्याकडे आता कोण यायचं? मोकाट गाई. खारी, चिमण्या, कुत्री. कधीतरी कडब्याची एखादी बंडी, म्हणजे बैलगाडी. उन्हाळ्यात मेंढरं घेऊन धनगर. मला ते पुरत नव्हतं. मी सगळा वेळ पंपाकडे पाहत बसायचो.

दोन वर्षांपूर्वी खुशालरावांच्या सुनेने, प्रणालीने, ई-रिक्षा घेतली. ती स्वतः चालवते, स्टेशन ते कॉलेज. पहिल्या दिवशी ती रिक्षा घेऊन आली, हळदीकुंकू वाहिलं, आणि मला कळलं की ही गाडी पंपावर जातच नाही! ती घरी विजेवर रात्रभर चार्ज होते. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! आता पंपाची पाळी आली. एकामागून एक ई-रिक्षा माझ्यासमोरून जायच्या आणि पंपाकडे ढुंकूनही पाहायच्या नाहीत. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बस आता तसाच, जसा मी बसलो.

मग एक दिवस प्रणाली सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, बॅटरीत पानी टाकाचं हाय."

माझा ऊर भरून आला. बॅटरीही पाणी पिते! मी काठोकाठ होतो.

"त्यातलं नाई चालत," खुशालराव माझ्याकडे पाहून म्हणाले. "बाटलीतलं आन. त्याले शुद्ध पानी लागते."

शुद्ध! आणि मी काय होतो? त्या दिवशी मी ई-रिक्षावरही जळायला लागलो. आता समोर जाईल त्या प्रत्येकाचा मला राग येत होता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गेल्या एप्रिलमध्ये रस्ता रुंद करण्याचं काम आमच्यापर्यंत पोचलं. वकिलांच्या बाजूची कुंपणाची भिंत, लिंब आणि मी, तिघेही नव्या रस्त्याच्या रेघेच्या आत आलो. लिंब दोन दिवसांत पडला. ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं, "सोमवारी सकाळी जेसीबी येतो. हौद हलवा, नाहीतर फोडावा लागेल."

गोदावरीबाई आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. त्या काठी टेकत बाहेर आल्या. त्यांनी नव्या भिंतीच्या आत, कोपऱ्यात, खुशालरावांना जागा दाखवली. "तुमचं दुकान इथे घ्या. आणि हौदही इथेच. पंधरा पावलं तर मागे न्यायचाय. भिंतीला मी रस्त्याकडून तोंड ठेवते, जनावरं आत येतील."

तेवढ्यात पंपाचे मालक रस्ता ओलांडून आले. चांगला मनुष्य, हात जोडून बोलणारा. म्हणाले, "काकू, हौद मला द्या. मी नवीन पंप करतोय. लॉन करणार, दिवे लावणार. हौद दर्शनी ठेवीन, कारंजं बसवीन. वकीलसाहेबांच्या नावाची पाटी लावीन. एक दिवस कोरडा राहू देणार नाही."

मित्रांनो, माझ्या कानावर माझा विश्वास बसेना. पंपावर! मी! छताखाली, दिव्यांत, रांगेच्या पुढे!

खुशालरावांचा चेहरा उतरला. "काकू, त्यात जनावर पानी पेईन काय तिकडं?"

मालक हसले. "अहो खुशालभाऊ, आता जनावरं राहिली कुठे शहरात?"

"तुमाले नाई दिसत, कारन ते तुमच्याकडे येत नाई. माह्याकडे येतात. काल अकरा गाई आल्या होत्या."

गोदावरीबाईंनी दोघांकडे पाहिलं. "आधी हक्क खुशालरावांचा. त्यांनी चाळीस वर्षं भरलाय. पण जेसीबीखाली मी हौद फुटू देणार नाही. सोमवारी सकाळपर्यंत तो जागेवरून हलला तर तो इथेच राहील. नाही हलला तर तुम्ही न्या."

शनिवारी खुशालरावांनी सहा माणसं जमवली. पहारी आणल्या, लोखंडी पाइपचे तुकडे आणले. पहारीने मला थोडं उचलायचं, खाली पाइप सारायचे आणि पाइपांवरून लोटत न्यायचं, असा बेत. गावाकडे बंडी चिखलात फसली की असंच करतात. पंधरा पावलांचा प्रश्न. त्यांनी मला उचललंसुद्धा. माझ्याखालची माती कित्येक वर्षांनी उजेडात आली, तिथून दोन बेडूक उड्या मारत गेले. पहिला पाइप खाली गेला. दुसरा गेला.

आणि मी अंग जड केलं.

हट्टी बैल जसा पाय रोवतो, तसं मी सगळं वजन एका कोपऱ्यावर टाकलं. मला मागे जायचं नव्हतं. मला समोर जायचं होतं. पाइप निसटला आणि खुशालरावांच्या नडगीवर बसला. ते खाली बसले. पायजमा लाल झाला.

"अरे बाप्पा! मामाजी, सोडा आता," प्रणाली धावत आली. "दगडासाठी पाय मोडता काय?"

"दगड नोको म्हनू त्याले," ते दात आवळून म्हणाले. "थकला असन तो. उद्या हलन तो."

रविवारी ते पाय बांधून पुन्हा आले. माणसं या वेळी चारच होती. उन्हात पहार हाताला चटके देत होती. त्यांनी माझ्यावर थोडं पाणी शिंपडलं, काठावर हात ठेवला आणि एखाद्या बैलाशी बोलावं तसे बोलले. "चाल बावा. पंधरा पावलं. मंग कायचीच झंझट नाई. तिथं सावली करून देतो तुले. चाल."

मी हललो नाही. दुपारी एक पहार वाकली. दोन माणसं निघून गेली. संध्याकाळी खुशालराव एकटेच माझ्या काठावर बसले होते, आणि मी त्यांच्याकडे नाही, समोरच्या दिव्यांकडे पाहत होतो.

सोमवारी सकाळी पंपमालकांची हायड्रा आली, ती पिवळी क्रेन. पट्टे बांधले आणि एका दमात मी वर. मी कापसासारखा हलका झालो होतो. मुद्दामच झालो होतो. खुशालरावांना ते कळलं असावं. त्यांनी वर, हवेत लटकलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि गोदावरीबाईंना म्हणाले, "जाऊ द्या काकू. त्याले तिकडंच जायाचं होतं."

गोदावरीबाईंनी काठी उचलली. त्या वळल्या आणि घरात गेल्या.

पंपावर माझं फार कौतुक झालं. कामगारांनी मला घासून पुसून चकचकीत केलं. बुडाचा रबराचा तुकडा खरवडून काढला आणि आतून निळ्या टाइल बसवल्या. मैनाबाईने घासलेलं माझं अंग टाइलखाली गेलं. मध्ये नळी बसवली, भोवती साखळ्यांचं कुंपण आलं. पाणी हिरवं होऊ नये म्हणून त्यात औषध टाकतात. मालकांनी शब्द पाळला, मी एक दिवसही कोरडा राहिलो नाही. वकिलांच्या नावाची पाटीही लावली. पेट्रोल भरून लोक माझ्यासमोर फोटो काढतात. मी पहिले आठ दिवस फुगून गेलो होतो. सगळ्या रांगा आता माझ्यापुढे होत्या.

मग मे महिना लागला.

एका दुपारी कडबा भरलेली बंडी शहरात आली. कुठल्या गोठ्यासाठी चालली होती कोण जाणे. बैल दोन्ही पांढरे, जिभा बाहेर. पंपापाशी येताच डाव्या बैलाने मान वर केली. पाण्याचा वास! त्याने गाडीसकट ओढ घेतली आणि सरळ पंपात शिरला. मागे कर्कश हॉर्न वाजायला लागले. एक मोटारसायकलवाला ओरडला, "ओ काका, बैलाले पेट्रोल पाजता काय?" लोक हसले. गाडीवान कासरा ओढत होता. "सॉरी सॉरी भाऊ, तहानला हाय तो, ऐकून नाई राहिला."

बैल साखळीपाशी आला, साखळी छातीने लोटली आणि माझ्यात तोंड घातलं.

किती दिवसांनी! मी काठोकाठ भरलेला होतो. पिऊन घे रे, मी म्हणालो, सगळं पिऊन घे.

त्याने एक घोट घेतला. फुरफुरला. आणि तोंड वर उचललं. औषधाचा वास होता ना. मित्रांनो, नव्वद वर्षांत, खारपाणपट्ट्यातून आलेल्या एकाही जनावराने माझ्या पाण्यातून तहान न भागवता तोंड उचललं नव्हतं. त्याच्या नाकावरून माझंच पाणी टपटप गळत होतं आणि तो माझ्याकडे पाहत होता. तेवढ्यात पहारेकरी काठी घेऊन धावला. "हट! हट! टाइल फुटल! हाकल त्याले!"

तेव्हा रस्त्याच्या पलीकडून आवाज आला. "ए भौ! इकडे आन. इथं हाय ना पानी!"

नव्या भिंतीच्या कोपऱ्यात खुशालराव लंगडत उभे राहिले होते. त्यांच्या पुढ्यात एक निळा प्लास्टिकचा ड्रम होता, मधून आडवा कापलेला, काठ वेडेवाकडे, जनावराला लागू नयेत म्हणून त्यावर ट्यूबची पट्टी चढवलेली. प्रणाली पाइपने त्यात पाणी सोडत होती. गाडीवानाने बैल सोडले आणि वाहतूक थांबवत रस्ता ओलांडला. दोन्ही बैलांनी ड्रममध्ये तोंडं घातली आणि ती वर काढलीच नाहीत. ड्रम लहान, दोन बैलांत रिकामा व्हायचा, प्रणाली पुन्हा भरायची. गोदावरीबाई खिडकीतून पाहत होत्या. "उजव्याला पण मिळालं का?" त्यांनी विचारलं.

"मिळालं, काकू. दोघंयले मिळालं."

मग खुशालरावांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. ओळखीच्या माणसाच्या घरावरून जाताना आपण जसं पाहतो, तसं.

मित्रांनो, मी इंजिनाच्या खांबाचा हेवा केला, पंपाचा केला, घमेल्याचा केला, ई-रिक्षाचा केला. त्या सगळ्यांची बेरीज केली तरी या अर्ध्या ड्रमाच्या हेव्याइतकी होणार नाही. वीस मिनिटांत फुटेल असला प्लास्टिकचा तुकडा! पण तहानलेलं जनावर त्याच्याकडे जातं आणि मी टाइल लावून कारंजं उडवत बसतो. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. पंधरा पावलं होती. ती मी चाललो नाही.

आता माझं एवढंच मागणं आहे. शहर वाढेल, रस्ते आणखी रुंद होतील, उद्या कुठली नवी गाडी येईल ती काय पिईल ते मला माहीत नाही. पण मे महिन्याची दुपार तीच राहणार आहे आणि गाईची जीभही तीच. जुनी वस्तू जपायची म्हणजे ती सजवायची नव्हे, तिला तिचं काम करू द्यायचं. तुमच्या दारात, गच्चीवर, शाळेच्या फाटकाशी एखादं भांडं ठेवा. मातीचं ठेवा, प्लास्टिकचं ठेवा, जुनी बादली ठेवा, फक्त आत साधं पाणी असू द्या आणि आलेल्याला हाकलू नका.

आणि तुम्ही कधी या रस्त्याने आलात, तर पंपावर माझे फोटो काढायला थांबू नका. रस्ता ओलांडून पलीकडे जा. खुशालरावांचा पाय अजून दुखतो, त्यांना वाकताना त्रास होतो. ड्रममधलं पाणी कमी दिसलं, तर तेवढं भरून द्या.

मला भरायला इथे मोटर आहे.